नावाची मुदत

२७ जून २०११ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एका गाजलेल्या खटल्याचा निकाल दिला. हिंसक व्हिडिओ गेम अल्पवयीन मुलांना विकण्यावर कॅलिफोर्निया राज्याने घातलेले निर्बंध घटनेत बसतात का, हा त्यातला प्रश्न. न्यायालयाने निर्बंध रद्द ठरवले. न्यायमूर्ती सॅम्युअल अलिटो यांनी निकालाला संमती देऊन आपले वेगळे मत लिहिले आणि त्यातल्या एका तळटीपेत आधार म्हणून एका संकेतस्थळाचा पत्ता दिला. पुढे त्या संकेतस्थळाच्या नावाची मुदत संपली. ती कोणी वाढवली नाही. मग कुणा तिसऱ्यानेच ते नाव घेतले आणि मूळ मजकुराच्या जागी वाचकाला उद्देशून एक निवेदन लावले. बरे झाले, तुम्ही या पानाचा हवाला कुठे दिला नाहीत; न्यायमूर्तींनी दिला, आणि आता मूळ मजकूरही नाही आणि नावही दुसऱ्याच्या हातात आहे, असा त्याचा आशय होता.

२०१३ साली हा प्रकार वर्तमानपत्रांत आला. त्याच सुमारास हार्वर्डच्या अभ्यासकांनी या न्यायालयाच्या निकालपत्रांतले वेबपत्ते तपासले. त्यातल्या निम्म्या पत्त्यांवर मूळ हवाला दिलेला मजकूर सापडत नव्हता. निकालपत्र ग्रंथालयात आहे, तळटीप जागच्या जागी आहे, पत्त्यातले एक अक्षरही बदललेले नाही. बदलला आहे तो त्या पत्त्यावर राहणारा.

वेबवरचे पान नाहीसे होते, हे आता सगळ्यांच्या अंगवळणी पडले आहे. पण पान नाहीसे होणे आणि नाव हातचे जाणे या दोन गोष्टी एक नव्हेत. पान गेले तर मागे रिकामी जागा राहते आणि काहीतरी हरवले आहे एवढे तरी वाचकाला कळते. नाव गेले की त्या जागी दुसरा कोणीतरी उभा राहतो आणि वाचक त्यालाच पहिला समजतो. नावाला मुदत कशी लागली, आणि ती संपल्यावर नावाबरोबर आणखी काय काय जाते, याचा इतिहास फार तर चाळीस वर्षांचा आहे. मात्र ज्यांचे लेखन आज वेबवर आहे, त्या सर्वांशी त्याचा संबंध आहे.

सुरुवातीला नाव म्हणजे यादीतली एक नोंद होती. अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशातून उभ्या राहिलेल्या आर्पानेटवर जे संगणक जोडलेले होते, त्यांची यादी कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क इथे स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवली जाई. एलिझाबेथ फाइनलर या तिथल्या माहिती केंद्राच्या प्रमुख होत्या. नवा संगणक जोडायचा तर तिथे कळवायचे, तिथली माणसे यादीत नाव चढवत, आणि बाकीचे सगळे ती फाइल वेळोवेळी उतरवून घेत. तलाठ्याच्या दप्तरासारखाच हा कारभार होता. संगणक वाढले तशी यादी आवरेना. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी त्यावर नवी रचना मांडली. सगळी नावे एका फाइलीत ठेवण्याऐवजी ती श्रेणीने वाटायची आणि प्रत्येक शाखेने आपापल्या नावांचा हिशेब ठेवायचा. हीच डोमेन नावांची व्यवस्था. पुढच्याच वर्षी ‘कॉम’, ‘एज्यु’, ‘गव्ह’, ‘ऑर्ग’ या शाखा ठरल्या आणि १५ मार्च १९८५ रोजी सिम्बॉलिक्स नावाच्या संगणक कंपनीने पहिले ‘डॉट कॉम’ नाव नोंदवले. कंपनीचे वैभव पुढे ओसरले. नाव मात्र २००९ मध्ये एका गुंतवणूकदार कंपनीने विकत घेतले.

या पहिल्या दहा वर्षांत नाव फुकट मिळे. फुकट असल्यामुळे त्याला मुदतही नव्हती. १४ सप्टेंबर १९९५ पासून हे बदलले. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाच्या संमतीने नोंदणीचे काम पाहणाऱ्या नेटवर्क सोल्यूशन्स या कंपनीने पहिल्या दोन वर्षांसाठी १०० डॉलर आणि नंतर दर वर्षाला ५० डॉलर आकारायला सुरुवात केली. वेब नुकतेच सामान्य माणसाच्या घरात शिरत होते, नोंदणीसाठी रांग लागली होती आणि तिचा खर्च सरकारी तिजोरीतून किती काळ करायचा, हा प्रश्न रास्तच होता. पण या निर्णयाने नावाचा स्वभावच बदलला. शुल्काबरोबर मुदत आली आणि मुदतीबरोबर ती चुकण्याची शक्यता.

जमिनीच्या भाषेत बोलायचे तर डोमेन नाव वतनाचे नसते, खंडाचे असते. आपण म्हणतो ‘नाव विकत घेतले’, पण डॉट कॉमसारखे नाव एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठीच नोंदवता येते. कितीही पैसे मोजले तरी ते कायमचे आपले होत नाही. न्यायालयांनी नावाला मोल आहे हे मान्य केले. मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये रेडिफच्या दाव्यात ‘रॅडिफ’ या सारख्या उच्चाराच्या नावाचा वापर थांबवला, आणि २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने डोमेन नावाला व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते असे सांगितले. पण ही संरक्षणे दुसऱ्याने आपल्या नावाशी लबाडी केली तर उपयोगाची. आपणच खंड भरायला विसरलो, तर न्यायालयात जाऊन मागायचे काय?

विसरणारे सगळे गरीब किंवा अडाणी असतात असेही नाही. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी १९९६ मध्ये सुरू केलेली हॉटमेल ही सेवा मायक्रोसॉफ्टने पुढच्याच वर्षी विकत घेतली. तिच्यात शिरण्यासाठी लागणारी ओळखतपासणी ‘पासपोर्ट’ या नावाच्या डोमेनवरून होई. १९९९ च्या नाताळात या नावाचे शुल्क भरायचे राहिले आणि असंख्य लोकांना आपली पत्रे उघडता येईनात. टेनेसी राज्यातल्या एका प्रोग्रामरने शोध घेऊन कारण ओळखले आणि नाताळच्या दिवशी स्वतःच्या कार्डावरून ३५ डॉलर भरून टाकले. सेवा पूर्ववत झाली. कंपनीने त्याला ५०० डॉलरचा धनादेश पाठवला, तो त्याने धर्मादाय कामासाठी लिलावात काढला. गोष्ट गोड शेवटाची म्हणून सांगितली जाते. पण जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी एकीचे एवढे मोठे काम ३५ डॉलरच्या बिलावर अडले, आणि ते बिल वेळेवर भरणे हे कोणाचे काम आहे, हे तिथे कोणाच्या ध्यानात नव्हते, हा त्यातला खरा भाग आहे.

अशा प्रसंगांनंतर नियम थोडे सैल झाले. डोमेन व्यवस्थेची देखरेख करणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या पुढाकाराने जानेवारी २००३ पासून डॉट कॉम नावांना ‘सोडवणुकीचा काळ’ मिळू लागला. आज साधारण क्रम असा असतो. मुदत संपली की नाव नोंदवून देणारी कंपनी, म्हणजे रजिस्ट्रार, जास्तीत जास्त ४५ दिवस ते आपल्याकडे धरून ठेवू शकते. या काळात बहुधा नेहमीच्या दरात नूतनीकरण होते. नंतर नाव रद्दीच्या वाटेला लागते, पण ३० दिवस मूळ धारकाला ते जास्तीचा भुर्दंड भरून सोडवता येते. त्यानंतरचे पाच दिवस काहीच करता येत नाही. मग नाव मोकळे होते. २०१३ पासून रजिस्ट्रारने मुदतीच्या सुमारे महिनाभर आधी, आठवडाभर आधी आणि मुदत संपल्यावर पाच दिवसांच्या आत धारकाला सूचना पाठवणे बंधनकारक आहे. व्यवहारात यात दोन अडचणी येतात. बरेच रजिस्ट्रार तो पहिला काळ पुरता संपण्याआधीच नाव लिलावाला काढतात. आणि सूचना जातात त्या नोंदणीच्या वेळी दिलेल्या ईमेल पत्त्यावर. तो पत्ता त्याच डोमेनवरचा असेल, तर नाव बंद पडताच सूचनाही पोचत नाही.

मोकळ्या होणाऱ्या नावांवर डोळा ठेवून बसणारा मोठा धंदाच उभा राहिला आहे. नाव सुटले रे सुटले की काही क्षणांत ते टिपणारे प्रोग्राम रात्रंदिवस चालू असतात. जुन्या नावात त्यांना काय दिसते? मूळ मालकाने वर्षानुवर्षे कमावलेला विश्वास. शेकडो ठिकाणांहून त्या नावाकडे दुवे येत असतात, शोधयंत्रांनी त्याला मान दिलेला असतो, लोकांनी ते आपल्या वह्यांत लिहून ठेवलेले असते. नवा मालक यातले काही कमावत नाही, आयते घेतो. बालवाङ्मयाच्या पत्त्यावर जुगाराच्या जाहिराती दिसतात त्या यामुळे. जर्मनीत २०१५ मध्ये हाइन्झच्या केचपच्या बाटलीवरचा क्यूआर कोड एका ग्राहकाने मोबाइलवर उघडला तेव्हा अश्लील संकेतस्थळ समोर आले. कंपनीची स्पर्धा संपली होती, स्पर्धेसाठी घेतलेल्या नावाची मुदत संपली होती, बाटल्या मात्र घराघरांत होत्या. कंपनीला माफी मागावी लागली.

नुकसान नेहमी इतके विनोदी नसते. अमेरिकेतल्या सोरेन्सन कम्युनिकेशन्स या कंपनीची सेवा कर्णबधिरांना सांकेतिक भाषेतून फोनवर बोलण्याची सोय करून देते. जून २०१६ मध्ये कंपनीच्या एका डोमेनची मुदत संपली आणि या लोकांचे फोन थांबले, आणीबाणीत मदत मागण्याचेसुद्धा. पुढच्या वर्षी झालेल्या तडजोडीत कंपनीने २७ लाख डॉलर परत केले आणि २,५२,००० डॉलर वर भरले. २०२४ मध्ये सुरक्षा संशोधकांनी दाखवलेले उदाहरण आणखी बोलके आहे. ‘डॉट मोबी’ या शाखेची माहिती देणारा सर्व्हर पूर्वी ज्या नावावर होता, ते नाव शाखेच्या चालकांनी सोडून दिले होते. संशोधकांनी ते २० डॉलरला घेतले. थोड्याच दिवसांत १,३५,००० पेक्षा जास्त यंत्रणा त्यांच्याकडे चौकशी करत येऊ लागल्या. घर बदलल्याचे या यंत्रणांना कोणी सांगितलेच नव्हते. त्या जुन्या दारावरच थापा मारत होत्या.

राष्ट्रांची नावेही यातून सुटलेली नाहीत. युगोस्लाव्हियाला १९८९ मध्ये ‘डॉट वाययू’ ही शाखा मिळाली. देश फुटला, युद्धे झाली, उरलेल्या भागानेही आपले नाव बदलले, आणि अखेर सर्बिया व माँटेनेग्रो वेगळे झाले. दोघांना नव्या शाखा मिळाल्या आणि ३० मार्च २०१० रोजी ‘डॉट वाययू’ कायमची बंद झाली. त्या प्रदेशातल्या पहिल्या वीस वर्षांच्या वेबचे सगळे पत्ते त्या दिवसानंतर निरर्थक ठरले.

आपल्याकडची शाखाही त्याच वर्षीची. ‘डॉट इन’ १९८९ मध्ये मिळाली आणि बरीच वर्षे तिची नोंदवही मुंबईत जुहूला, नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीमध्ये होती. नियम कडक होते, नाव मिळवायचे तर कागदपत्रे लागत. २००४ पर्यंत सुमारे ७,००० नावेच नोंदली गेली होती. २००५ पासून नोंदणी सर्वांना खुली झाली आणि निक्सी या संस्थेकडे कारभार आला. ऑगस्ट २०१४ मध्ये देवनागरीतली ‘डॉट भारत’ ही शाखा सुरू झाली. त्यामुळे मराठी, हिंदी, कोंकणी, नेपाळी, मैथिली अशा भाषांना आपल्या लिपीत नाव घेता येऊ लागले. लिपी आपली झाली, पण अट तीच राहिली. देवनागरीतले नावही खंडाचेच आहे.

आता नियतकालिकांकडे वळू, कारण नाव आणि मुदत यांचा संबंध त्यांना नवा नाही. १८६७ च्या मुद्रण व नोंदणी कायद्यात वृत्तपत्राचे प्रकाशन सलग बारा महिन्यांहून अधिक काळ बंद पडले की त्याचे प्रतिज्ञापत्र रद्द होई, पुन्हा सुरू करायचे तर नवे करावे लागे. हा कायदा २०२४ पर्यंत अमलात होता. म्हणजे छापील पत्राचे नावही जाऊ शके. पण नाव गेले म्हणून जुने अंक जात नसत. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले आणि १८४० मध्ये बंद पडले. त्यानंतर कोणीही ते नाव घेतले असते, तरी १८३२ च्या अंकातला मजकूर त्याला बदलता आला नसता, आणि ‘दर्पण’च्या संपादकांना लिहिलेली पत्रे आपल्या घरी वळवून घेता आली नसती. छपाईत नाव आणि मजकूर अंक निघताच एकमेकांपासून वेगळे होतात. अंक वाचकाच्या घरी, ग्रंथालयाच्या कपाटात, रद्दीच्या दुकानात स्वतंत्रपणे जगतो. वेबवर मात्र सगळे अंक एकाच नावाच्या खुंटीला टांगलेले असतात.

छापील मजकुरासाठी कायद्यानेही सोय केली. १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्यानुसार प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि चेन्नई, मुंबई व दिल्ली इथल्या ग्रंथालयांना द्यावी लागते. १९५६ मध्ये वृत्तपत्रेही त्यात आली. प्रकाशक बुडाला, वारसांनी पाठ फिरवली, तरी एक प्रत कुठेतरी असावी, हा त्यामागचा विचार. ब्रिटनने एप्रिल २०१३ पासून हेच बंधन संकेतस्थळांना लावले आणि आपल्या राष्ट्रीय ग्रंथालयांना वेब साठवण्याचा अधिकार दिला. आपला १९५४ चा कायदा कागदासाठी लिहिलेला आहे.

ही उणीव आजवर प्रामुख्याने एका परदेशी संस्थेने भरून काढली आहे. सॅन फ्रान्सिस्कोतले इंटरनेट आर्काइव्ह १९९६ पासून वेबच्या प्रती साठवते आणि २००१ पासून त्या सर्वांना पाहायला देते. पण तिथेही नावाच्या मुदतीने एकदा घाला घातला होता. संकेतस्थळाच्या मालकाने ‘माझी पाने साठवू नका’ अशी सूचना आपल्या सर्व्हरवर ठेवली, तर आर्काइव्ह ती मान्य करी आणि आधीच्या प्रतीही झाकून टाकी. परिणाम असा की मुदत संपलेले नाव घेणाऱ्याने ती सूचना ठेवली की जुन्या मालकाच्या अनेक वर्षांच्या पानांना कुलूप लागे. ज्याने ओळही लिहिली नाही त्याला आधीच्याच्या भूतकाळावर अधिकार मिळे. २०१७ मध्ये आर्काइव्हने या सूचनांपासून दूर जाण्याचे धोरण जाहीर केले, आणि कारण देताना अशा पडीक नावांचाच दाखला दिला.

मराठीच्या बाबतीत आर्काइव्हमधली प्रतही नेहमी पुरेशी पडत नाही. युनिकोड रुळण्यापूर्वी आपल्या संकेतस्थळांचे फाँट वेगवेगळे होते, आणि फाँटची फाइल त्याच डोमेनवरून उतरवून घ्यावी लागे. नाव गेले, फाँट गेला, आणि साठवलेल्या पानावर आज इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. मजकूर आहे, पण वाचता येत नाही. युनिकोडमुळे ही अडचण मिटली, नावाची मिटली नाही. १९९६ पासून चालू असलेल्या ‘मायबोली’सारखी उदाहरणे आहेत. तिथे नाव टिकले म्हणून जुने लेखनही टिकले. पण छोटी अनियतकालिके, साहित्य संमेलनांची संकेतस्थळे, एखाद्या कवीच्या समग्र लेखनासाठी चाहत्यांनी उभारलेली पाने, परगावच्या महाराष्ट्र मंडळांचे दिवाळी अंक यांची नावे बहुधा एका उत्साही माणसाच्या खात्यावर असतात. त्याची नोकरी बदलते, बँकेचे कार्ड बदलते, आजारपण येते, कधी तो माणूसच जातो. त्याच्या घरच्यांना पासबुक सापडते, डोमेनचे खाते सापडत नाही.

म्हणून हा तंत्रज्ञांवर सोडून देण्याचा विषय नाही, संस्थेच्या कारभाराचा आहे. नाव व्यक्तीच्या नव्हे, संस्थेच्या नावे नोंदवलेले असावे. खात्याची किल्ली किमान दोघांकडे असावी. सूचना येणारा ईमेल दुसऱ्या डोमेनवरचा असावा. मुदत शक्य तितकी लांब भरावी. हिशेबनिसाच्या वार्षिक यादीत जागेच्या भाड्याशेजारी नावाचे भाडे आणि त्याची तारीख लिहिलेली असावी. रक्कम किरकोळ असते आणि म्हणूनच ती विसरली जाते. अंकांच्या प्रती नावावर अवलंबून न राहता दुसरीकडे ठेवाव्यात, ग्रंथालयात, आर्काइव्हमध्ये, जमेल तर कागदावरही.

आणि अंक बंद करायची वेळ आलीच, तर नाव त्याच महिन्यात सोडू नये. त्या नावावर आणखी काही वर्षे पत्रे येत राहतात. इतरांच्या लेखांतल्या तळटीपा तिकडेच बोट दाखवत असतात. जुनी मासिके बंद होताना शेवटच्या अंकात वर्गणीदारांना उरलेली रक्कम कशी मिळेल ते कळवत. वेबवरच्या नियतकालिकाच्या शेवटच्या संपादकीयात तशाच दोन ओळी असायला हव्यात: जुने अंक यापुढे कुठे वाचायला मिळतील, आणि हे नाव कोणत्या तारखेपर्यंत आमचे आहे.